एचआयव्हीच्या गोळ्या: बेळगाव, कोल्हापूर की गोवा? सीमाभागातल्यांनी एआरटी सेंटर कसं निवडावं

मार्कंडेय | सकाळी ८:१०

सीमाभागात एक गोष्ट सर्रास चालते, तिच्यावर उघड बोलणं व्हावं म्हणून हा धागा. एचआयव्हीचं निदान झालं की माणूस आधी शोधतो ते ओळखीचं कुणी भेटणार नाही असं गाव. चिकोडीचा कोल्हापूर गाठतो, चंदगडचा बेळगावात येतो, खानापूरचा चोर्ला घाट उतरून गोव्यात जातो. लपावंसं वाटणं समजू शकतं, त्यावर वाद नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीवर. एका एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्राला) नाव असताना दुसरीकडे "मी नवीनच" असं सांगून परत नाव घालायचं, हे अंगाशी येतं.

एक तर पहिल्या सेंटरची तारीख चुकली की तिथून फोन येतो. फोन लागला नाही की औषध सोडलेल्यांच्या यादीत नाव जातं आणि कार्यकर्ता पत्त्यावर विचारपूस करत येतो. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला तेच दारात उभं. दुसरं, आधी कुठली औषधं चालू होती, ती बदलली असतील तर का बदलली, हे नव्या डॉक्टरला कळत नाही. समजा कुणी दुसऱ्या फळीच्या (पहिली लागू पडेनात म्हणून बदललेल्या) औषधांवर असेल आणि त्याला नवखा समजून पहिल्या फळीचं औषध दिलं, तर विषाणू आधीच ज्या औषधाला निबर झालाय तेच परत पोटात जातं. तिसरं, व्हायरल लोडचं (रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणू किती, या तपासणीचं) वेळापत्रक (सहा महिने, बारा महिने, मग वर्षाला एकदा) पहिल्यापासून सुरू होतं. औषध लागू पडत नसेल तर ते कळायला आणखी सहा महिने जातात.

माझं मत: जवळचं सेंटर धरा, तेच टिकवा. लांबचं सेंटर म्हणजे चुकलेल्या तारखा. पटत नसेल तर सांगा.

निपाणीचा_बाप्या | सकाळी ८:४२

जवळचं म्हणजे कुठलं, ते आधी ठरवा की राव. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. कागवाड तर मिरजेच्या दारात आहे आणि बेळगाव जिल्ह्याचं ठिकाण म्हणून कागवाडकरांनी अख्खा दिवस घालवायचा? अथणीवाल्यालाही मिरज निम्म्याहून कमी अंतरावर. तुमचा 'आपल्याच जिल्ह्यात' हा सूर निपाणी-अथणी पट्ट्याला लागू होत नाही.

कुंदा_स्पेशल | सकाळी ८:५५

सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात दाखल झाला २००४ ला. सरकारी मोफत एआरटी सुरू झालं १ एप्रिल २००४ ला. एकीकडे तारीख पे तारीख, दुसरीकडे तारखेला गेलं की हातात बाटली. गोळ्यांचा सीमाप्रश्न तरी करू नका.

मार्कंडेय | सकाळी ९:२०

@बाप्या, 'आपल्याच जिल्ह्यात' असं मी म्हटलेलंच नाही, पण मुद्दा रास्त आहे. जवळचं म्हणजे एसटी किंवा वायव्यच्या (कर्नाटकच्या सरकारी) गाडीनं, मजुरी न बुडवता जाऊन येता येईल असं. कार्यक्रम केंद्राचा आहे, नाकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा). कर्नाटकातला माणूस कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलमध्ये किंवा सांगलीच्या सिव्हिलला नाव घालू शकतो, महाराष्ट्रातला बेळगावच्या बिम्स हॉस्पिटलला. रहिवासी कुठल्या राज्याचा, यावर औषध अडत नाही.

सेंटर बदलायचं तर रीत ठरलेली आहे. जुन्या सेंटरला सांगायचं, "ट्रान्सफर आऊट करा." ते 'सोच' या संगणक प्रणालीत नोंद पुढच्या सेंटरकडे पाठवतात, हिरव्या पुस्तकात (पेशंटच्या नोंदवहीत) शेवटचा सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी), शेवटचा व्हायरल लोड, चालू औषध लिहून देतात. रस्त्यात खंड पडू नये एवढ्या गोळ्याही मागून घ्यायच्या. नव्या ठिकाणी पहिल्याच भेटीत पुस्तक दाखवायचं. गाव बदलण्याचं कारण द्यावं लागत नाही. "तिकडे सोयीचं पडतं" एवढं पुरे.

वडगावचा_विणकर | सकाळी १०:०५

लिंक एआरटी सेंटर म्हणतात ते वेगळं का? तालुक्याला तसलं असतं असं ऐकून आहे.

मार्कंडेय | सकाळी १०:१४

होय, वेगळं. मोठ्या सेंटरला नाव राहतं, तब्येत स्थिर झाली की रोजचं औषध तालुक्याच्या दवाखान्यातून मिळतं. तिथं एआरटीचा वेगळा बोर्ड मोठ्ठा लावलेला नसतो, सगळ्या ओपीडीतच उभं राहायचं असतं, त्यामुळे ओळखीच्या माणसाच्या नजरेतून हे उलट बरं. तुमच्या तालुक्यात कुठं आहे ते १०९७ वर विचारा, फोन मोफत आहे. स्थिर पेशंटला तीन महिन्यांचं औषध एकदम देण्याचीही सोय आहे, तीही मागायची. न मागता प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही.

औषधपेटी | सकाळी ११:३०

धागा सेंटरवर आहे, पण घोळ जास्त होतात ते घरी नेलेल्या बाटलीत. म्हणून थोडं.

हल्ली बहुतेकांना टीएलडी मिळते: टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्हुडिन ३०० मिग्रॅ, डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ, तिन्ही एकाच गोळीत. दिवसाला एक. जेवणाआधी, जेवणानंतर, कशीही चालते. झोप उडत असेल तर रात्रीची वेळ सोडून सकाळची धरा, तो डोल्युटेग्राविरचा गुण आहे.

बाटलीतली छोटी पुडी (ओल शोषणारी) फेकू नका. लपवायचं म्हणून गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा कुंकवाच्या डबीत ओततात, आणि खानापूर-जांबोटीच्या पावसात त्या दमट होऊन फुगतात. लपवायचंच तर बाटलीचं लेबल सोलून काढा, गोळ्या मूळ बाटलीतच, पुडीसकट. ३० अंशांच्या खाली ठेवायच्या, म्हणजे चुलीवरची फळी नको आणि ट्रकची केबिनही नको.

कशाबरोबर बिघडतं:

ॲसिडिटीचं पातळ औषध आणि चघळायच्या गोळ्या (डायजीन, जेल्युसिल जातीच्या, ज्यात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं) डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात, रक्तात पोचू देत नाहीत. टीएलडी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच, फक्त त्या जेवणासोबत असतील तर टीएलडीबरोबर चालतात. शंखभस्म हेही कॅल्शियमच, वैद्यांकडून घेत असाल तर हाच हिशेब.

मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर दिवसाला १००० मिग्रॅच्या वर जाऊ नये, डोल्युटेग्राविरमुळे ती रक्तात वाढते. फिटच्या काही गोळ्या (फेनिटॉइन, कार्बामाझेपिन) उलटं करतात, एचआयव्हीचं औषध कमी पाडतात. डॉक्टरला दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.

आणि कंबर दुखली की मेडिकलातून डायक्लोफेनॅक आणून आठवडा-आठवडा खाणं. टेनोफोव्हिर मूत्रपिंडातून बाहेर जातं, त्यावर हा मारा नको. पॅरासिटामॉल घ्या.

तिसरं_गेट | दुपारी १२:१०

@औषधपेटी, टीएलडी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढून येतं, लोक घाबरून गोळी बंद करतात. ते किडनी बिघडल्याचंच लक्षण का?

औषधपेटी | दुपारी १२:२५

पहिल्या महिन्यात थोडंसं वाढून तिथंच थांबलं तर सहसा नाही. डोल्युटेग्राविर क्रिएटिनिनची बाहेर जायची एक वाट अडवतं, गाळणी शाबूत असते. पण वाढतच राहिलं किंवा लघवीत प्रथिन दिसलं तर टेनोफोव्हिरकडे बोट जातं आणि डॉक्टर औषध बदलतात. हे ठरवायचं काम सेंटरचं. स्वतःहून बंद करू नका, विशेषतः ज्यांना हिपॅटायटिस बीसुद्धा आहे त्यांनी. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही बी विषाणूवरही चालतात. एकदम बंद केली की कावीळ उसळते आणि यकृत निकामी होण्यापर्यंत जाऊ शकतं.

हिरण्यकेशी | दुपारी १२:५०

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का?

औषधपेटी | दुपारी १२:५८

नाही. आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीला ४ तासांपेक्षा कमी राहिले असतील तर ती सोडा, पुढची वेळेवर. दोन एकदम कधीच नाही. आणि हिशेब लक्षात असू दे, ९५ टक्के गोळ्या पोटात जायला हव्यात: ३० पैकी एक चुकली तर ९५ टक्क्यांच्या वर राहता, दोन चुकल्या की खाली.

लॅबवाला_टिळकवाडी | दुपारी २:१५

सेंटर निवडायच्या आधी निदान तरी नीट झालंय का ते बघा. खाजगी लॅबचा एकाच किटचा 'रिॲक्टिव्ह' रिपोर्ट घेऊन लोक थेट रडायला बसतात. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात (आपल्याकडच्या फलकावर कन्नडमध्ये 'आप्त समालोचने' दिसेल, सरळ आत जा) तीन वेगवेगळ्या तत्त्वांची किट लागतात. पहिलं रिॲक्टिव्ह आलं की दुसरं, मग तिसरं. तिन्ही रिॲक्टिव्ह असली तरच पॉझिटिव्ह म्हणतात. मतभेद आला तर 'अनिश्चित' लिहून दोन आठवड्यांनी परत बोलावतात.

उलट बाजूही आहे. संबंध आला परवा, टेस्ट केली आज, निगेटिव्ह आली, मिठाई वाटली. शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. साध्या रॅपिड किटवर तीन महिन्यांनंतरची निगेटिव्हच पक्की धरायची. चौथ्या पिढीची टेस्ट (प्रतिपिंड आणि पी२४ प्रतिजन दोन्ही बघणारी) असेल तर साधारण ४५ दिवस.

सदाशिवनगर_साहेब | दुपारी २:४०

म्हणूनच म्हणतो, लग्नाआधी दोन्हीकडची एचआयव्ही टेस्ट कायद्यानं सक्तीची करा. पत्रिका बघता, रक्त बघायला काय होतं? आणि मूळ कुठं आहे तेही बोला: सौंदत्तीच्या डोंगरावर देवीला सोडलेल्या बायका. तिथून हा रोग पसरला.

कुंदा_स्पेशल | दुपारी २:४४

साहेब, पत्रिकेतला मंगळ तरी कायम असतो. टेस्टचा निकाल तीन महिन्यांत शिळा होतो.

सुईण_आक्का | दुपारी ३:०५

साहेब, तुमचा दुसरा मुद्दा आधी घेते. देवदासी सोडण्यावर कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं बंदी आहे. जिथं तो व्यवहार राहिला तिथं रोग त्या बाईकडे कुणीतरी आणून दिला आणि तिच्याकडून कुणीतरी घरी नेला. तो कुणीतरी ट्रकवर होता, ऊसतोडीला होता, मुंबईला हॉटेलात होता, नाहीतर गावातच सावकार होता. घरातल्या बाईला रोग येतो तो बहुतेकदा तिच्या एकुलत्या एक नवऱ्याकडून. बायकांची यादी करून साथ आवरत नाही. गिऱ्हाइकानं निरोध वापरला आणि दोघांनाही औषध मिळालं तर आवरते.

निरोधाचंही एक. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावून वापरला की रबर काही मिनिटांतच कमकुवत होतं. पाण्याचा जेलच वापरायचा. पैशाच्या पाकिटात महिनोन् महिने बसून चुरगळलेला वापरू नये.

वकील_कोल्हापूर_सर्कल | दुपारी ३:३०

सक्तीबद्दल. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा, अमलात आला १० सप्टेंबर २०१८ ला. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय टेस्ट नाही. नोकरीसाठी टेस्ट मागता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाही, भाड्याचं घर नाकारता येत नाही, शाळा नाकारता येत नाही. कुणाचा रिपोर्ट परवानगीशिवाय सांगणं गुन्हा आहे. तक्रारीसाठी राज्याचा लोकपाल नेमायची तरतूद आहे.

लग्नाआधी दोघांनी मिळून स्वखुशीनं करावी, त्याला कुणाची ना नाही. सक्ती केली की लोक खोटी सर्टिफिकेटं आणतात आणि खरा पेशंट आयसीटीसीचा रस्ताच सोडतो.

सदाशिवनगर_साहेब | दुपारी ३:५१

ठीक आहे, पण होणाऱ्या जोडीदाराला कळायला नको का? एवढंच माझं म्हणणं.

मार्कंडेय | दुपारी ४:०२

कळायलाच हवं, आणि समुपदेशक तेच काम करतात: पेशंटला तयार करून त्याच्याच तोंडून सांगणं. आणि सांगताना ही बाब सांगायची की नियमित औषधावर व्हायरल लोड २०० च्या खाली टिकून असेल तर संबंधातून एचआयव्ही दुसऱ्याला जात नाही. 'न सापडणारा तो न पसरणारा' म्हणतात ते हेच. लग्न करता येतं, मूल होतं. फक्त 'टिकून' या शब्दावर सगळं आहे, म्हणून तर मी सेंटरवर एवढा अडून बसलोय.

चोर्लाघाट | सायं. ५:१०

एचआयव्ही चाललंय तेवढ्यात खानापूरकरांसाठी विषयांतर करतो, हंगाम जवळ आलाय. काजू गोळा करायला बेळगाव भागातले मजूर गोव्यात सत्तरीला आणि दोडामार्गला जातात. त्यांच्यात माकडताप येऊन गेलाय, गोव्यात काजूवर काम करणारे बेळगावचे मजूर आजारी पडल्याचं शास्त्रीय नियतकालिकांतही छापून आलंय. सीमेपलीकडून आणलेला ताप परत आल्यावर कुणाला सांगायचा, तीही सीमेचीच गोष्ट.

खानापुरी | सायं. ५:३५

विषयांतर नाही, बरं झालं काढलंत. माकडताप म्हणजे क्यासनूर जंगल ज्वर, १९५७ ला शिवमोग्ग्याच्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला. विषाणूजन्य, गोचीड चावून येतो. त्यातही बारीक, खसखशीएवढ्या पिल्ल्या गोचिडी. नोव्हेंबर ते मे हा त्यांचा मोसम, नेमका काजूचा आणि सरपणाचा. माणसाकडून माणसाला होत नाही.

चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत एकदम थंडी-ताप, प्रचंड डोकेदुखी, अंग मोडणं, काहींना हिरड्यांतून, नाकातून रक्त. ताप उतरल्यावर सुटलो असं वाटतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी काहींना परत ताप, मान आखडणं, गोंधळल्यासारखं होणं. मृत्यूचं प्रमाण शंभरात ३ ते ५. विषाणूवर खास औषध नाही, पाणी-सलाइन आणि देखरेख हाच उपचार. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, ब्रुफेन नको, रक्तस्राव वाढतो.

बागेत जाण्याआधी आरोग्य केंद्रातून डेपा तेल (गोचीड दूर ठेवणारं) घ्या, हातापायांना लावा. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचून. वाळक्या पानांवर बसायचं नाही. आल्यावर कपडे गरम पाण्यात, आंघोळ, काखा-जांघा-कानामागे तपासणं. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्यानं कातडीला लागून धरून सरळ ओढायची. काडी पेटवून किंवा रॉकेल टाकून नाही, त्यानं ती आतला स्राव उलट जखमेत सोडते. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

आणि दवाखान्यात "मी गोव्यात काजूला होतो" हे तीन शब्द तोंडानं सांगा. नाहीतर डेंगी-टायफॉइडची टेस्ट करून घरी पाठवतात. माकडतापासाठी पहिल्या काही दिवसांत पीसीआर (विषाणू शोधणारी), नंतर आयजीएम (प्रतिपिंड शोधणारी) टेस्ट.

कुंदा_स्पेशल | सायं. ५:४१

चार शब्द झाले, मोजले.

खानापुरी | सायं. ५:४३

गोचीड मोजा, शब्द कशाला.

विडी_कामगार_पोर | सायं. ६:२०

मूळ धाग्यावर येतो. निपाणीकडे तंबाखूच्या धुळीत बायका काम करतात, खोकला सगळ्यांनाच असतो. एचआयव्ही असलेल्या बाईला खोकला धुळीचा की टीबीचा, कसं ओळखायचं?

लॅबवाला_टिळकवाडी | सायं. ६:४५

ओळखायचं नाही, तपासायचं. एचआयव्ही असेल तर 'खोकला दोन आठवडे झाला की तपासा' हा नियम लागू नाही. कितीही दिवसांचा खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम, चारपैकी एक जरी असलं तर थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला (टीबीच्या जंतूचे जनुक शोधणाऱ्या चाचण्या) द्यायची. साध्या सूक्ष्मदर्शकावर एचआयव्हीच्या पेशंटची थुंकी बऱ्याचदा निगेटिव्ह येते, कारण फुप्फुसात पोकळी न पडताच टीबी असतो आणि जंतू कमी सुटतात. सकाळची, खोलवरून खाकरून काढलेली थुंकी द्या. तोंडातली लाळ आणून देऊ नका, बऱ्याच चाचण्या त्यातच वाया जातात.

चारही लक्षणं नसतील तर टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध मिळतं. आयसोनियाझिड ३०० मिग्रॅ सहा महिने रोज, सोबत बी६, नाहीतर हातापायांना मुंग्या येतात. काही ठिकाणी आठवड्यातून एकदा असं बारा आठवड्यांचं औषध देतात.

औषधपेटी | सायं. ७:००

जोडतो: टीबी निघाला आणि रिफाम्पिसिन सुरू झालं तर ते डोल्युटेग्राविरला लवकर संपवतं. म्हणून टीएलडी सकाळी असेल तर रात्री डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅची एक जादा गोळी, बारा तासांच्या अंतरानं, आणि टीबीचं औषध संपल्यावरही दोन आठवडे. दोन सेंटरच्या मध्ये लटकलेल्या पेशंटचं नेमकं इथं चुकतं. टीबीचं औषध एका गावातून, एआरटी दुसऱ्या राज्यातून, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. मार्कंडेय यांचा मुद्दा मला इथं सगळ्यात जास्त पटतो.

टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिन्याला १००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून एवढे. बँकखातं आधारला जोडलेलं हवं.

सुईण_आक्का | रात्री ८:१५

लटकण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण राहिलं. पहिलं बाळंतपण माहेरी. सून गडहिंग्लजची, माहेर हुक्केरीला, सातव्या महिन्यात ओटी भरून निघाली. तिचं एआरटी सासरच्या बाजूला, बाळंतपण कर्नाटकात.

कागदात तीन तारखा चुकू नयेत. गरोदरपणाच्या ३२ ते ३६ आठवड्यांत व्हायरल लोड, कारण त्यावर बाळाला एक औषध द्यायचं की दोन, हे ठरतं. लोड १००० च्या खाली असेल तर जन्मल्यापासून सहा आठवडे नेव्हिरापीनचं सिरप. वर असेल, किंवा आईचं औषध उशिरा सुरू झालं असेल, तर नेव्हिरापीन आणि झिडोव्हुडिन दोन्ही, आणि अंगावर पाजणार असेल तर बारा आठवड्यांपर्यंत. पहिला डोस जन्मल्याबरोबर, काही तासांच्या आत. मग सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे ठिपके कागदावर घेऊन तपासणी. ती दीड महिन्याच्या लसीबरोबरच येते, म्हणून लक्षात राहते. त्याच दिवसापासून बाळाला कोट्रिमोक्साझोल सिरप. पुढं सहा महिने, बारा महिने आणि शेवटची अठराव्या महिन्यात. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून त्याआधी साध्या टेस्टवर पॉझिटिव्ह आलं तर घाबरून निकाल लावू नये.

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. माहेरच्या आज्या मध चाटवतात, बाळगुटी देतात, गाईचं दूध वर पाजतात. मिश्र पाजलं की आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. काहीच उपाय न करता आईकडून बाळाला जाण्याचं प्रमाण शंभरात १५ ते ४५ असतं, सगळं नीट केलं तर पाचाच्याही खाली.

म्हणून ओटी भरायच्या आधी ट्रान्सफर. हिरवं पुस्तक साडीच्या घडीत.

निपाणीचा_बाप्या | रात्री ८:३२

आक्का, हा मुद्दा कुणाच्याच ध्यानात आला नव्हता.

नर्सिंग_फर्स्ट_इयर | रात्री ९:०५

सुई टोचली तर काय करायचं हे कॉलेजात शिकवलंय, पण इथं कुणी थोडक्यात सांगेल का? परीक्षेसाठी नाही, वॉर्डासाठी.

लॅबवाला_टिळकवाडी | रात्री ९:२२

लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. दाबून रक्त काढायचं नाही, स्पिरिट-ब्लीच ओतायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही. डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्यानं किंवा सलाइननं धुत राहा. मग कॅज्युअल्टीला जाऊन पीईपी (लागण टाळायचं औषध): शक्यतो २ तासांत, जास्तीत जास्त ७२ तासांत, तीच टीएलडी रोज एक, २८ दिवस. रविवार आहे, सोमवारी बघू, असं चालत नाही. तुमची बेसलाइन टेस्ट त्याच दिवशी, मग दीड महिन्यांनी, तीन महिन्यांनी, पुढचं सेंटर सांगेल तसं.

धोक्याचा अंदाज ३०, ३, ०.३ असा पाठ करा. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी शंभरात ३० पर्यंत, सी साधारण ३, एचआयव्ही ०.३. म्हणजे एचआयव्हीला घाबरून बीची लस विसरता, ते उलटं आहे. ०, १ आणि ६ महिने, तीन डोस, आजच सुरू करा. बी विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस जिवंत राहतो, न्हाव्याच्या पात्याबद्दल विचारायचं तर एचआयव्हीपेक्षा त्याचं विचारा.

पीईपी बलात्कार झालेल्या व्यक्तीलाही मिळते, पोलीस तक्रार आधी हवी अशी अट नाही.

वडगावचा_विणकर | रात्री ९:४०

ते सहा महिन्यांतून एकदाचं इंजेक्शन आलंय म्हणे? मग गोळ्या, सेंटर, पुस्तक सगळंच संपलं की.

औषधपेटी | रात्री ९:५२

लेनाकापाविर. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या २१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही, आणि अमेरिकेत जून २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. पण ती मंजुरी लागण होऊ नये म्हणून, ज्यांना एचआयव्ही नाही त्यांच्यासाठी. ज्यांना आहे त्यांनी टीएलडी सोडून त्याची वाट बघू नये. गोळी थांबली की दोन ते चार आठवड्यांत विषाणू परत रक्तात वर येतो.

ऊसगाडी | रात्री १०:१०

उशिरा आलो. एवढ्या चर्चेत ऊसतोडीचं कुणी धरलंच नाही. टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, पाच महिने फडावर. तीन महिन्यांच्या गोळ्या संपल्या की पुढं काय? मुकादमाला सांगून सुट्टी मागायची तर तो विचारणार कशाला.

मार्कंडेय | रात्री १०:३०

यासाठी ट्रान्सफर नको, 'ट्रान्झिट' मागा. नाव मूळ सेंटरलाच राहतं. फडाच्या जवळच्या कुठल्याही एआरटी सेंटरवर हिरवं पुस्तक दाखवलं की साधारण महिन्याभराच्या गोळ्या मिळतात, नोंद मूळ सेंटरकडे जाते. निघण्यापूर्वी करायचं ते असं: उचल घेण्याच्या आठवड्यात सेंटरवर जाऊन तीन महिन्यांच्या गोळ्या घ्या, कारखान्याचं गाव सांगून जवळचं सेंटर पुस्तकात लिहून घ्या, त्यांचा दूरध्वनीही. वर्षाचा व्हायरल लोड हंगामात पडत असेल तर आधीच रक्त द्या. पुस्तकाचा फोटो मोबाईलवर असू द्या, पाऊस-आग-बैलगाडी यांत पुस्तक हरवतंच. मुकादमाला "बीपीची गोळी" सांगितलं तरी चालतं, एचआयव्ही आहे हे उघड करायची सक्ती कायद्यानं करता येत नाही. बाजाराच्या दिवशी सुट्टी असते, सेंटर त्या दिवशी उघडं आहे का ते आधी फोन करून बघा.

@बाप्या, आणि तुमचं मान्य: निपाणीला कोल्हापूर, कागवाडला मिरज-सांगली, खानापूरला बेळगाव. गोवा फक्त जो तिथं राहून काम करतो त्याला.

निपाणीचा_बाप्या | रात्री १०:४१

बघा, जिल्हा सोडला तुम्ही शेवटी. होय की नाही?

मार्कंडेय | रात्री १०:४४

जिल्हा सोडला, सेंटर नाही सोडलं.

हिरण्यकेशी | रात्री ११:०५

शेवटचं एक विचारते. घरात नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास असतात, काही बायका पाणीसुद्धा संध्याकाळीच घेतात. शेजारी रोजे करणारेही आहेत. गोळीचं काय करायचं?

औषधपेटी | रात्री ११:१६

टीएलडीला अन्न लागत नाही, घोटभर पाणी लागतं. वेळ महिनाभर आधीच संध्याकाळी उपवास सोडायच्या वेळेला किंवा पहाटे सहेरीला सरकवून ठेवा, रोज तीच. संध्याकाळी फराळासोबत कॅल्शियम-लोहाची गोळी चालेल. भगर-शेंगदाण्यानं पित्त उसळतं म्हणून लगेच ॲसिडिटीचं पातळ औषध घेतलं तर मात्र ते दोन तास थांबून, टीएलडीनंतर.